पाचारण मिळालं, पगाराचं काय?

पूर्णवेळ ख्रिस्ती सेवेत उतरणाऱ्यांनी खर्चाची व्यवस्था कशी करावी, याबद्दल जिल्ह्यातून बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

‘मार्चअखेर साखर कारखान्यातली नोकरी सोडून चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर सुवार्तासेवेला जाणार आहे. वडील म्हणतात, कमावता पोरगा आता झोळी घेऊन फिरणार. मागायची लाज मलाही वाटते. नुसती प्रार्थना करून गप्प राहिलं तर?’ (गडहिंग्लज)

गप्प राहता येईल, पण मग खरोखरच गप्प राहावं लागेल. ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर कुणाकडे पैसे मागत नसत, हे उदाहरण हमखास दिलं जातं. ते कामाचे छापील अहवाल काढत आणि आलेल्या देणग्यांचा हिशेब त्यात देत, हे मात्र सांगायचं राहून जातं. आपल्याकडे न मागणारे बरेच जण ‘देव पुरवीलच, पण सध्या जरा ओढाताण आहे’ असं प्रत्येक घरी सांगतात. हेही मागणंच झालं, फक्त आडवळणाचं, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

प्रेषित पौलानं करिंथात पैसे घेतले नाहीत, तंबू शिवले. फिलिप्पैकरांकडून मात्र घेतले आणि पोच म्हणून पत्रही लिहिलं. स्पेनला जाताना पुढची वाट करून द्या, असं रोमकरांना त्यानं आधीच कळवलं होतं. उलट बाजू बायबलमधल्या नहेम्याच्या तेराव्या अध्यायात आहे. मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्यांचे वाटे बंद झाले आणि ते आपापल्या शेतांवर निघून गेले. सेवक माघारी का येतात, याचं इतकं रोखठोक कारण क्वचितच कुठं लिहिलेलं सापडेल.

वडिलांना बायबलची वचनं ऐकवू नका, कागद दाखवा. महिन्याचं अंदाजपत्रक, पावतीपुस्तक आणि कोण किती देणार याची वही. झोळीला हिशेब नसतो, याला आहे, हे त्यांना एका नजरेत दिसेल.

आणि राजीनाम्याला मार्चअखेर ही तारीख कुणी ठरवली? लागणाऱ्या रकमेच्या ऐंशी टक्के देणगीची वचनं लेखी मिळाल्याशिवाय नोकरी सोडू नका. नोकरीवर असताना संध्याकाळी आणि रविवारी भेटी घेतल्या तर सहा ते दहा महिने लागतात. प्रॉव्हिडंट फंडाला हात लावू नका. सलग पाच वर्षं नोकरी झाली नसेल तर तो काढल्यावर करही बसतो.

‘आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं. दरमहा किती रक्कम धरावी? मंडळीतले (चर्चमधले) काही जण म्हणतात, सेवकानं वीस हजारांत भागवावं.’ (शाहूपुरी)

असं म्हणणाऱ्यांना त्यांचा स्वतःचा घरखर्च विचारू नका, भांडण होईल. त्याऐवजी तीन महिने स्वतःचा रोजचा खर्च वहीत मांडा आणि त्यावरून आकडा काढा.

कोल्हापुरात चौघांच्या साध्या घराचा एक नमुना असा. भाडं ७,०००. किराणा, दूध, भाजी आणि गॅस १०,५००. वीज, पाणी, मोबाइल १,८००. मुलांची शाळा ३,५००. पेट्रोल आणि गाडीची देखभाल ४,०००. आरोग्य विमा २,०००. म्हातारपणासाठी ३,०००. अडीअडचणीचा साठा १,७००. पत्रकं, एसटीचा प्रवास, बैठका असा सेवेचा खर्च २,५००. बेरीज ३६,०००. त्यात तुमचा स्वतःचा दशांश ४,००० धरला की ४०,००० होतात. तुमचे आकडे वेगळे येतील, पण रकाने हेच ठेवा. विमा आणि म्हातारपण हे दोन रकाने लाजेखातर पहिल्यांदा गाळले जातात, आणि पंधरा वर्षांनी त्याच सेवकाच्या ऑपरेशनसाठी मंडळीत तातडीची वर्गणी फिरते. देणाऱ्यांना तेव्हा ते जास्त महाग पडतं.

घराचं डिपॉझिट, दुचाकी, गॅस जोडणी हे एकदाच होणारे खर्च महिन्याच्या आकड्यात मिसळू नका. त्यांची वेगळी यादी करा. काही लोक महिन्याचं बंधन घेत नाहीत, पण एकरकमी पाच हजार आनंदानं देतात. ही यादी त्यांच्यासाठी.

वचन दिलेल्या रकमेतला साधारण दहावा हिस्सा प्रत्यक्षात येत नाही. कुणी विसरतं, कुणाची नोकरी जाते. म्हणून ४०,००० हवे असतील तर ४४,००० ची वचनं गोळा करा. त्याची फोड अशी होऊ शकते: पाठवणाऱ्या मंडळीकडून ८,०००, दोन हजारांची पाच घरं, हजाराची बारा, पाचशेची अठरा, दोनशेची पंचवीस. मंडळी धरून एकसष्ट देणारे झाले. तीन घरांमागे एक ‘हो’ धरला तर साठ घरांसाठी एकशेऐंशी भेटी. आकडा ऐकून छातीत धस्स होतं खरं, पण आठवड्याला पाच भेटी धरल्या तर छत्तीस आठवड्यांचं काम आहे.

दोनच श्रीमंत देणाऱ्यांवर गाडी चालवू नका. वीस हजार देणाऱ्या एका उद्योजकाचं शिरोलीतलं फाउंड्रीचं काम मंदावलं की तुमचं घर त्याच महिन्यात निम्म्यावर येतं. दोनशेवाली पाच घरं सुटली तर हजाराचाच खड्डा पडतो.

‘उपासनेत साक्ष दिली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, व्हॉट्सअॅपवर निवेदनही टाकलं. महिना झाला, दोघांनीच पैसे दिले. चुकलं कुठं?’ (कसबा बावडा)

‘आमेन’ला रक्कम नसते. सगळ्यांना मिळून विचारलं की प्रत्येकाला वाटतं, शेजारचा देईल. साक्ष आणि निवेदन हे बी पेरणं आहे, कापणी घरोघरी जाऊनच होते.

घरी जाण्याआधी फोन करा आणि फोनवरच पैशाचा उल्लेख करा: ‘दादा, आमच्या सेवेबद्दल आणि तिच्या खर्चाबद्दल बोलायला यायचं आहे. पाऊण तास लागेल. बुधवारी सातला येऊ का? वहिनीही असतील ना?’ खर्च हा शब्द फोनवर गाळून घरी गेल्यावर काढला की माणसाला फसल्यासारखं वाटतं. आणि वहिनी नसतील तर भेट पुढं ढकला. निम्म्याहून जास्त घरांत अखेरचा शब्द त्यांचा असतो, आणि ‘हिला विचारून सांगतो’चं उत्तर सहसा येत नाही.

बसल्यावर दहा मिनिटं त्यांची विचारपूस. पंधरा मिनिटं काम: तालुक्याचा नकाशा, तुम्ही जाणार त्या वस्त्या, तीनच फोटो. मग अंदाजपत्रकाचा कागद त्यांच्या हातात द्या. शेवटी रक्कम, मुदत आणि सुरुवात हे तिन्ही एका वाक्यात विचारा: ‘जानेवारीपासून एक वर्ष, दरमहा हजार रुपये देऊन तुम्ही या कामात सहभागी व्हाल का?’

यानंतर गप्प बसा. काम बिघडतं ते इथं. समोरचा विचारात पडतो, ती चार सेकंदं सेवकाला सोसवत नाहीत आणि तोच बोलून जातो, ‘नाही जमलं तर पाचशे, दोनशे पण चालतील.’ लक्ष्मीपुरीच्या बाजारात असा दर कुणी स्वतःहून पाडत नाही. समोरचा हजाराला ‘हो’ म्हणायच्या बेतात असतो, तो दोनशेवर थांबतो.

उत्तर ‘हो’ असेल तर लगेच चिठ्ठी भरा: नाव, फोन, रक्कम, कुठल्या महिन्यापासून, कुठल्या तारखेला, कधीपर्यंत, कशानं. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा यूपीआय ऑटोपे लावता आलं तर सगळ्यात बरं. पंधरा हजारांपर्यंतच्या रकमेला त्यात दर महिन्याला पिन टाकावा लागत नाही. ‘विचार करतो’ म्हणाले तर ‘शनिवारी फोन करू?’ असं विचारा आणि शनिवारीच करा. ‘नाही’ म्हणाले तर आभार माना, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, चहा पूर्ण प्या. नाही म्हटल्यावर सेवकाचा चेहरा कसा झाला, ते घर विसरत नाही.

मुदत बांधून मागा. पंडिता रमाबाईंसाठी १८८७ मध्ये बोस्टनला जी संस्था उभी राहिली, तिनं मदतीचं वचन दहा वर्षांचं दिलं होतं. त्या भरवशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. शेवट ठाऊक असला की माणूस हो म्हणायला धजतो. मुदत संपताना जाऊन नवं वचन मागता येतं.

एक सूचना. जेवायला बोलावलं असेल तर हा विषय त्या दिवशी काढू नका. तांबडा-पांढरा ओरपताना हललेली मान हिशेबासाठी आहे की रश्श्यासाठी, सांगता येत नाही.

‘आमच्या मंडळीत शेतकरी आणि गवंडी. महिन्याला बांधलेली रक्कम कुणालाच झेपत नाही, म्हणून सेवक शहरातच हिंडतात. आमच्यासारख्यांनी काय करावं?’ (शिरोळ तालुका)

तुमच्याकडे रक्कम नसते असं नाही, ती पहिल्या तारखेला नसते. शहरातला सेवक पगारदाराचं वेळापत्रक घेऊन खेड्यात जातो आणि ‘गरीब मंडळी’ असा शेरा मारून परत येतो.

शेतकऱ्याचा पैसा उसाच्या बिलाला येतो. नियमानं तोडीनंतर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला हवी, प्रत्यक्षात ती बऱ्याचदा तुकड्यांत येते. तेव्हा मागायचं माप ‘वर्षाला एका टनाचं बिल’ असं ठेवा. कारखान्यानुसार कमीजास्त, पण तीन हजारांच्या आसपास धरलं तर महिना अडीचशे झाले. शहरातल्या दोनशेवाल्यापेक्षा जास्तच. पहिल्या उचलीतून घ्यायचं की शेवटच्या हप्त्यातून, हे शेतकऱ्याला ठरवू द्या. ज्यांच्या गोठ्यात म्हशी आहेत त्यांचं दूधबिल दर दहा दिवसांनी होतं आणि दिवाळीला फरक मिळतो. त्यांना बिलामागे पन्नास रुपये जड जात नाहीत. गवंड्याचा पगार शनिवारी, म्हणून त्याचं पाकीट रविवारी. आठवड्याला पन्नास म्हणजे वर्षाला दोन हजार सहाशे.

मिझोरामच्या मंडळ्यांत १९१० पासून मूठभर तांदळाची पद्धत आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई एक मूठ बाजूला काढते, मंडळी ते गोळा करते आणि विकून पैसा सेवेला लावते. एक मूठ पन्नास ग्रॅम धरली आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक मोजला, तर घरटी महिन्याला तीन किलो होतात. तुमच्याकडे हे सहज जमेल. धान्य बाजारभावानं वहीत जमा करायला मात्र विसरू नका, नाहीतर वर्षाअखेरीस ‘मंडळीनं काही दिलं नाही’ असंच हिशेबात दिसेल. सुगीच्या सणाच्या लिलावातला ठराविक वाटाही आधीच ठरवून ठेवता येतो.

अडचण एकच. पैसा नोव्हेंबर ते एप्रिल ढिगानं येतो आणि पावसाळ्यात आटतो. सेवकाच्या हाती मार्चमध्ये साठ हजार पडले की जूनमध्ये मुलांच्या वह्यांना पैसे नसतात. हंगामाची सगळी जमा खजिनदारानं वेगळ्या खात्यात ठेवावी आणि दरमहा बारावा हिस्सा सेवकाला द्यावा.

‘मी मंडळीचा खजिनदार. आमच्या तरुण सेवकानं फोनपेचा स्वतःचा क्यूआर कोड वाटला आहे. काहीजण ८०जीची, म्हणजे आयकरात वजावट मिळवून देणारी, पावतीही मागतात. नियम काय?’ (कोल्हापूर)

क्यूआर आधी बंद करा. सेवकाच्या खात्यात नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त भेट आली, तर फक्त वरची रक्कम नाही, सगळीच करपात्र उत्पन्नात धरली जाते. आईवडील, भाऊबहीण, काका, मामा, आत्या, मावशी हे नातेवाईक. चुलतभाऊ आणि मित्र नाहीत. चार लाख ऐंशी हजार आले तर सध्याच्या नव्या करप्रणालीत सवलत धरून कर शून्य होऊ शकतो, पण विवरणपत्र भरावंच लागतं. ‘दान आहे, त्याला कसला कर’ या समजुतीत सेवक ते भरत नाहीत, आणि पुढं घरासाठी कर्ज मागताना उत्पन्नाचा एक कागद हाती नसतो.

सरळ मार्ग असा. देणगी नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात, पावती न्यासाची, आणि सेवकाला न्यासाकडून ठरावानं ठरलेलं मानधन बँकेतून. दोन सह्यांशिवाय पैसे निघू नयेत आणि त्यातली एकही सेवकाची किंवा त्याच्या पत्नीची नसावी. सेवक स्वतः विश्वस्त असेल तर मानधन कामाच्या मानानं वाजवी आहे हे दाखवावं लागतं, नाहीतर न्यासाचीच करसवलत अडचणीत येते. देणाऱ्यालाही स्पष्ट सांगा: तुम्ही नाव सुचवू शकता, पण पैसा न्यासाचा, निर्णय विश्वस्तांचा.

८०जीबद्दल कुणाला खोटी आशा दाखवू नका. एखाद्या विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या किंवा निव्वळ धार्मिक न्यासाला ती मान्यता मिळत नाही. शाळा-दवाखान्यासाठी मान्यता असलेल्या न्यासालाही उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंतच धार्मिक कामावर खर्च करता येतो. दवाखान्याच्या नावानं पावती फाडून सुवार्तिकाचं मानधन देणं ही लबाडी आहे, हेतू कितीही चांगला असो. मान्यता असेल तिथं दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, आणि देणगीदारांचं विवरण ३१ मेपर्यंत भरून त्यांना दाखला द्यावा लागतो. आयकराचा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुने क्रमांक छापलेली पावतीपुस्तकं सीएला दाखवून घ्या.

न्यासच नसेल आणि लोकांकडून वर्गणी जमवायची असेल, तर धर्मादाय कार्यालयात कलम ४१क खालची परवानगी आधी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच.

‘सख्खी बहीण अमेरिकेची नागरिक, मित्र दुबईत, आणि एक परदेशी पाहुणे कोल्हापुरात आले की रोख रुपये देऊन जातात. चालतं का?’ (इचलकरंजी)

तिघांना तीन नियम. दुबईतल्या मित्राकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. न्यासानं त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला ठेवावी. बहीण परदेशी नागरिक आहे, पण सख्ख्या नात्यातली मदत तुम्ही वैयक्तिक घेऊ शकता. वर्षाला दहा लाखांच्या वर गेली तरच केंद्रीय गृहमंत्रालयाला कळवावं लागतं. ती घरखर्चालाच वापरा, मिशनच्या कार्यक्रमात मिसळू नका.

पाहुण्यांचे पैसे नकोतच. रुपयांत, रोख, कोल्हापुरात दिले तरी देणारा परदेशी असेल तर ती परकीय देणगीच. २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते, आणि तीही आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिनं पंधरा लाख खर्च केलेले हवेत. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेकडून पैसा वळवून घेण्याची वाटही २०२० पासून बंद झाली आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे, म्हणून ‘सगळेच घेतात’ हा सल्ला ऐकू नका.

परदेशी पैशाशिवाय मिशन चालत नाही, हे काही खरं नाही. १९०५ च्या नाताळात सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली ती भारतीय माणसं, भारतीय पैसा आणि भारतीय व्यवस्थापन या तत्त्वावरच. आपल्या गावात बघायचं तर अमेरिकन मिशनरी वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला आले. पुढं १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डानं काम हाती घेईपर्यंत बरीच वर्षं त्यांनी कुठल्याच बोर्डाच्या पगाराविना काढली.

‘मी पाळक आहे. बाहेरचे सेवक माझ्या सभासदांना परस्पर घरी गाठतात. अडवू का?’ (हातकणंगले)

अडवू नका, पद्धत लावून द्या. आधी पाळकाला भेटायचं, न्यासाचं पत्र आणि मागच्या वर्षीचा हिशेब दाखवायचा, मग मंडळी सांगेल त्या घरी जायचं. जो हिशेब दाखवत नाही त्याला प्रार्थना करून निरोप द्या. सेवकांसाठीही सांगतो, ज्या मंडळीचा पाळक तुमच्या बाजूचा नाही तिथून आलेली वर्गणी वर्षभरही टिकत नाही.

‘सुरुवातीला सत्तावन्न घरं देत होती, तीन वर्षांत चौतीस उरली. नवीन शोधू की जुन्यांकडे जाऊ?’ (राधानगरी)

जुन्यांकडे. वही उघडून सुटलेल्या तेवीस घरांपुढं दोन तारखा लिहा: शेवटची रक्कम कधी आली आणि तुमचा शेवटचा निरोप कधी गेला. बहुतेक ठिकाणी निरोप आधी थांबलेला दिसेल.

दर महिन्याच्या पाच तारखेला खजिनदाराकडून जमा यादी घेऊन वहीशी ताळा करा. एक महिना चुकला तर काही बोलू नका, ऑटोपेची मुदत संपणं किंवा खाते बदलणं हीच कारणं जास्त असतात. दुसरा चुकला की फोन करा आणि आधी घरचं कसं आहे ते विचारा. नोकरी गेली असेल किंवा आजारपण असेल तर ‘वर्षभर पैशाचं मनातून काढून टाका’ असं तुम्हीच म्हणा. खरोखर विसरले असतील तर ते स्वतःच ओशाळून बोलतात.

पत्र दोन महिन्यांतून एकदा, एका पानाचं. काय झालं, काय बिघडलं, प्रार्थनेसाठी तीन विषय, आणि तळाशी गेल्या दोन महिन्यांची जमा आणि खर्च. पैसे कमी पडले तेव्हाच पत्र येतं हे लोकांच्या लक्षात आलं की ते पाकीटच उघडत नाहीत. सभेला पन्नास माणसं होती तर पन्नासच लिहा. वस्तीवरच्या मुलांचे आणि नव्या विश्वासणाऱ्यांचे चेहरे, नावं, गाव छापू नका. तुमचं पत्र पुढं कुणाच्या मोबाइलवर जाईल ते तुमच्या हातात नसतं. दुचाकीसारख्या एकाच वस्तूसाठी दोन मंडळ्यांकडून पैसे आले, तर दुसरीला लगेच कळवून ते परत करायचे की दुसऱ्या कामाला लावायचे, हे विचारा. हे न विचारल्यामुळं तुटलेली घरं परत जोडली जात नाहीत.

तेवीसपैकी आठ-दहा घरं एका भेटीत परत येतील. त्यानंतर नव्यांची यादी करा, आणि उरलेल्या चौतिसांना आधी विचारा की त्यांच्या ओळखीत कुणाला भेटावं. नावं तीनच मागा. दहा मागितली की कुणीच देत नाही.